दियारी भाषेतील ‘तोच’ आणि ‘दुसरा’

रानटी म्हणून गणलेल्या लोकांची बुद्धी मापण्याची एक सोपी कसोटी एकोणिसाव्या शतकातील युरोपीय पंडितांना सापडली होती. त्या लोकांच्या भाषेत ‘आणि’, ‘पण’, ‘तथापि’, ‘कारण’ अशी उभयान्वयी अव्यये किती आहेत ती मोजावी. थोडी निघाली, तर बोलणाऱ्यांचे विचारही तुटक व असंबद्ध असले पाहिजेत असा निकाल देऊन मोकळे व्हावे. लेव्ही-ब्रूल या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९१० साली ‘तर्कपूर्व’ मनाचा सिद्धान्त मांडला, तेव्हा त्याच्या पुराव्यात ऑस्ट्रेलियातील मूळच्या रहिवाशांचा भरणा मोठा होता. पुढे त्याने स्वतःच हे मत बरेचसे सोडून दिले. तसे त्याच्या टिपणवह्यांवरून दिसते. पण त्या वह्या त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९४९ त प्रसिद्ध झाल्या. आमच्याकडील शिकलेल्या मंडळींतही वन्य जातींच्या बोलींविषयी असेच काही समज अजून आढळतात, म्हणून ऑस्ट्रेलियातील एका भाषेची हकीकत येथे सांगावीशी वाटते. या भाषेत दोन वाक्यांमधील संबंध अव्ययांपेक्षा क्रियापदाच्या शेपटीने अधिक नेमका सांगितला जातो.

ही भाषा दियारी. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य कोपऱ्यात आयर नावाचे विस्तीर्ण खारे सरोवर आहे. ते बहुतेक वर्षे कोरडेच असते. त्याच्या पूर्वेस, कूपर्स क्रीक या कधी काळी वाहणाऱ्या नदीच्या खालच्या अंगास दियारी लोकांचा मुलूख. पाऊस वर्षाला पाच-सहा इंच. या प्रवाहाकाठीच १८६१ साली बर्क व विल्स हे साहसी प्रवासी उपासमारीने मेले, आणि त्यांचा सोबती किंग हा दियारींच्या शेजारच्या यांद्रुवांधा लोकांनी पोसला म्हणून वाचला. त्याचा शोध लावणारा हॉविट पुढे मानववंशशास्त्राकडे वळला, व १९०४ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात दियारींच्या चालीरीतींना बरीच जागा मिळाली. त्याच्याही आधी, १८७४ साली, सॅम्युएल गेसन या पोलीस शिपायाने दियारींवर एक पुस्तिका लिहून तीत शब्दांची यादी दिली होती. शिपायाने केलेले काम म्हणून ते कौतुकास्पदच आहे. परंतु ज्या गोष्टीविषयी आपण बोलणार आहो ती शब्दांच्या यादीत सापडण्यासारखी नव्हे.

ती गोष्ट समजण्यासाठी मराठी वाचकास दूर जावयास नको. ‘मी जेवून निजलो’ हे वाक्य आपण सहज बोलतो. ‘मी जेवून तो निजला’ असे कोणी म्हटले, तर म्हणणारा मराठी नव्हे हे पोरही सांगेल. ‘-ऊन’ या प्रत्ययात एक अट दडलेली आहे: जो जेवला तोच निजला पाहिजे. कर्ता बदलावयाचा असेल, तर ‘मी जेवल्यावर तो निजला’ किंवा ‘मी जेवत असता तो निजला’ अशी वेगळी रचना करावी लागते. पाणिनीने तर संस्कृतातील ‘-त्वा’ प्रत्ययाला ‘समानकर्तृक’ ही अट शब्दशः घातली आहे, आणि कर्ता निराळा असेल तेव्हा सप्तमीचा प्रयोग करण्याची सोय दुसऱ्या सूत्राने करून दिली आहे. ज्यांनी शाळेत संस्कृताऐवजी लॅटिन घेतले असेल त्यांना तेथील पंचमीचा निरपेक्ष प्रयोग आठवेल. तोही मुख्य वाक्याच्या कर्त्याहून निराळा कर्ता असतानाच करावयाचा असतो.

मात्र मराठीतील बंधन एकतर्फी आहे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘-ऊन’ला कर्ता तोच लागतो, पण ‘-ल्यावर’ला तो निराळाच हवा असे नाही, ‘मी जेवल्यावर निजलो’ हेही शुद्धच. आणि ‘-ऊन’ची अटही कधी कधी ढिली पडते. ‘पाऊस पडून पिके वाया गेली’ यात पडणारा एक आणि वाया जाणारी दुसरी, तरी कार्यकारणाच्या जोरावर ते वाक्य खपते. दियारीत अशी ढिलाई नाही. तेथे दोन प्रत्ययांची जोडी आहे आणि दोघांनाही आपापली अट आहे. गौण क्रियापदाला ‘-णा’ लावला, तर त्याचा कर्ता आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच. ‘-णानि’ लावला, तर कर्ता दुसरा. ‘वाकारा-’ म्हणजे येणे. ‘वाकाराणा’ म्हणजे ‘येत असता, आणि पुढे सांगितलेले कर्म करणाराही तोच’. ‘वाकाराणानि’ म्हणजे ‘येत असता, पण पुढचे कर्म करणारा वेगळा’. हेतू किंवा परिणाम सांगावयाचा असेल, तर हीच वाटणी दुसऱ्या जोडीने होते: स्वतःच काही करण्यासाठी गेला तर ‘-ला’, दुसऱ्याने काही करावे म्हणून गेला तर ‘-णान्तु’. यांखेरीज ‘-याति’ असा एक प्रत्यय आहे. ‘पडेल हो’, ‘चावेल बरे’, ‘नाही तर अमुक व्हावयाचे’ अशी जी भीती आपण अर्ध्या वाक्यात सूचित करतो ती सगळी या एका प्रत्ययात मावते. पोरांना सांभाळणाऱ्या आयांच्या तोंडी तो दिवसातून किती वेळा येत असेल याची कल्पना कोणासही करता येईल.

याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. ‘मी त्याला घरी येताना पाहिले’ या आपल्या वाक्यात घरी कोण येत होते, मी की तो? दोन्ही अर्थ होतात, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हे वाक्य उच्चारणाऱ्यास वकिलाने पुढचा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. दियारीत तो प्रश्न उद्भवतच नाही. ‘-णा’ आला की येणारा मी. ‘-णानि’ आला की येणारा तो. तसेच ‘शंकर आत आला आणि त्याने त्याला मारले’ यात कोणी कोणास मारले हे संदर्भावर सोडावे लागते. दियारीत क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरांतच निवाडा होऊन जातो.

आणखी एक बारकावा असा, की मराठीप्रमाणे दियारीतही सकर्मक क्रियापदाच्या कर्त्याचे रूप वेगळे असते. आपल्याकडे ‘तो आला’ पण ‘त्याने खाल्ले’, तसे तेथे ‘मी’ला अकर्मक क्रियापदाबरोबर ‘ङानि’ आणि सकर्मकाबरोबर ‘ङातु’. परंतु कर्ता तोच की दुसरा हे ठरविताना हा विभक्तीचा भेद मुळीच मोजत नाहीत. आपल्या ‘त्याने येऊन भाकरी खाल्ली’ या वाक्यात आल्याचा कर्ता व खाल्ल्याचा कर्ता एकच समजतात, तसेच. रूप दोन, माणूस एक. आणि प्रत्यय माणसाकडे पाहतो.

वरील शब्द देवनागरीत लिहिताना मला एक प्रकारचे समाधान वाटले हे सांगून टाकतो. दियारीत दन्त्य, वर्त्स्य व मूर्धन्य असे निरनिराळे वर्ण आहेत. त वेगळा, ट वेगळा. न वेगळा, ण वेगळा. ल आणि ळ यांचीही गल्लत चालत नाही. आमच्या वर्णमालेत शोभेपुरता बसविलेला, शब्दारंभी कधीही न येणारा ‘ङ’ तेथे ‘ङापा’, म्हणजे पाणी, अशा रोजच्या शब्दाच्या डोक्यावर असतो. जर्मन पाद्री आपल्या रोमन अक्षरांनी ही भाषा लिहीत, तेव्हा हे भेद त्यांच्या लेखणीतून पुष्कळदा निसटून जात.

हे पाद्री लूथरपंथी. १८६६ साली ते दक्षिणेकडील जर्मन वसाहतींतून बैलगाड्या जोडून निघाले आणि किलालपनिन्ना या सरोवराच्या काठी त्यांनी ठाणे दिले. आरंभी दुष्काळ व वैर यांमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. पुन्हा गेले, पुन्हा उभे राहिले. याच सुमारास, १८६५ च्या अखेरीस, टॉमस एल्डर या धनिकाने कराचीहून आणविलेले शंभराहून अधिक उंट व त्यांचे तीसएक रखवालदार पोर्ट ऑगस्टा बंदरात उतरले होते. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. त्या ओसाड मुलखातील दळणवळण पुढे साठेक वर्षे या उंटांच्या आणि ‘अफगाण’ या एका नावाखाली मोडणाऱ्या बलुची, सिंधी, पठाण उंटवाल्यांच्या जोरावर चालले, म्हणून हा उल्लेख.

पाद्र्यांनी एक गोष्ट चांगली केली: इंग्रजी किंवा जर्मन शिकवीत बसण्यापेक्षा त्यांनी दियारीच शिकून तीत शाळा चालविली. १८७० साली दियारी भाषेतील पहिली पुस्तके छापली गेली. पुढे १८८८ साली रॉयथर हा पाद्री आला व अठरा वर्षे राहिला. १८९२ त त्याच्या मदतीस तरुण स्ट्रेलो आला. या दोघांनी केलेले नव्या कराराचे भाषांतर १८९७ साली ‘टेस्टामेंटा मार्रा’ या नावाने निघाले. ‘मार्रा’ म्हणजे नवा. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या कोणत्याही भाषेत संपूर्ण नवा करार छापला जाण्याची ही पहिलीच वेळ. रॉयथरने याशिवाय शब्द, स्थळनामे, दंतकथा यांचा जो संग्रह केला त्याचे १३ खंडांचे हस्तलिखित ॲडलेडच्या संग्रहालयात आहे. पाण्याच्या थेंबाची किंमत जाणणाऱ्या मुलखात इतकी वर्षे काढलेला हा मनुष्य १९१४ साली, दक्षिणेस स्थायिक झाल्यावर, पुराच्या ओढ्यात बुडून मेला.

भाषांतरकारासमोर येथे एक चमत्कारिक पेच असतो. शुभवर्तमानांच्या ग्रीक कथनात वाक्यामागून वाक्य ‘काय’ म्हणजे ‘आणि’, किंवा ‘दे’ या अव्ययांनी जोडलेले असते. या ‘दे’चे भाषांतर जर्मनात सामान्यतः ‘पण’ या अर्थाच्या शब्दाने करतात, आणि कोशातही तोच अर्थ प्रथम दिलेला असतो. परंतु ग्रीक कथा वाचू लागले, की असे दिसते की ज्या ठिकाणी ‘दे’ येतो त्यांतील पुष्कळ ठिकाणी विरोध असा काही नसतो. एक जण बोलून थांबलेला असतो आणि दुसरा बोलू लागलेला असतो, एवढेच. म्हणजे ज्याला आपण ‘पण’ समजतो तो पुष्कळदा कर्ता बदलल्याची वर्दी देणारा चोपदार असतो. दियारीत ‘आणि’ या अर्थी ‘या’ असा शब्द आहे, आणि तो कामास येतो. पण कर्ता बदलल्याची वर्दी द्यावयास तेथे चोपदाराची गरज नाही, ते काम ‘-णानि’ आधीच करून चुकलेला असतो.

येथे मला या सर्व प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट दिसते. ‘ती पाणी आणीत होती, हा निजला होता.’ या वाक्यात ‘पण’ कोठेही नाही, तरी ऐकणाऱ्याला विरोध जाणवतो, आणि बोलणारी बाई असेल तर तो चांगलाच जाणवतो. दोन क्रिया आणि दोन कर्ते समोरासमोर उभे केले, की विरोधाचे बीज त्यात आपोआप पडते. याच्या उलट एकच मनुष्य दोन गोष्टी करतो तेव्हा त्या सहसा एका ओघात जातात. तेव्हा ‘कर्ता दुसरा’ आणि ‘परंतु’ या दोन कल्पना वाटतात तितक्या दूरच्या नाहीत. याचा उघड पुरावा दियारींच्या पश्चिमेस, मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील पित्जन्त्जत्जारा भाषेत मिळतो. तेथे वाक्ये जोडणारे दोन शब्द आहेत. कर्ता तोच राहिला तर ‘मुनु’. कर्ता बदलला तर ‘का’. आणि या ‘का’चा अर्थ कोशकार ‘आणि’ असाही देतात व ‘पण’ असाही देतात. आपण ज्या जागी विरोध आहे की नाही हे पाहून अव्यय निवडतो, त्या जागी हे लोक कर्ता तोच आहे की नाही हे पाहून निवडतात. विरोधाचा अर्थ मागून येतो. यात कोणता विचार तर्कशुद्ध व कोणता तर्कपूर्व हे ज्याचे त्याने ठरवावे. माझ्या मते, कोणी काय केले हे वाक्यागणिक चुकता नमूद करणाऱ्या भाषेस तर्काचा अभाव लावणे हे धाडसाचेच काम होते.

युरोपीय भाषाशास्त्रास या प्रकाराला नाव देण्यास १९६७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी जेकबसन या अमेरिकन पंडिताने उत्तर अमेरिकेतील इंडियन लोकांच्या काही भाषांत हीच व्यवस्था दाखवून तिला एक पारिभाषिक नाव दिले. आपल्याला ‘समानकर्तृक’ आणि ‘भिन्नकर्तृक’ हे शब्द पुरेसे आहेत. पाणिनीने हे आधीच सांगितले होते असा जयघोष मात्र करू नये. त्याची सूत्रे संस्कृतासाठी आहेत, आणि संस्कृतात दियारीसारखी काटेकोर जोडी नाही. अट ओळखण्याची दृष्टी त्याच्यापाशी होती एवढे खरे, आणि तेवढे पुरे आहे.

दियारीतील ही व्यवस्था सांगोपांग मांडली ती पीटर ऑस्टिन या ऑस्ट्रेलियन भाषाशास्त्रज्ञाने. त्याचे दियारी व्याकरण केंब्रिजहून १९८१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निबंधात त्याने दाखविले, की समानकर्तृक-भिन्नकर्तृक प्रत्ययांची ही पद्धत असलेल्या भाषा ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर विखुरलेल्या नसून पश्चिम किनाऱ्यापासून वाळवंटे ओलांडून आयर सरोवरापर्यंत एकमेकींना लागून पसरल्या आहेत. त्या सगळ्या एका घराण्याच्या पोटशाखेतील नाहीत, आणि प्रत्ययांची रूपेही जागोजाग निराळी. रूप वेगळे, कल्पना एक: असे तेव्हाच घडते, जेव्हा शेजारी एकमेकांच्या भाषा बोलतात. आमच्या देशात ‘-ऊन’सारखे धातुसाधित मराठी, हिंदी, कानडी, तमिळ या सर्वांत आढळते, एमेनो या पंडिताने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे प्रतिपादन केले, त्यातील एक आधार हाच होता. ‘आपण’ व ‘आम्ही’ हा मराठीतील भेदही द्राविडी शेजारामुळे आला असे मानतात. तो भेद, नवलाची गोष्ट, दियारीतही आहे.

दियारी लोकांचा शेजार किती दूरवर होता, ते त्यांच्या व्यापारावरून कळते. अंगाला लावण्याची तांबडी माती आणण्यासाठी त्यांच्या टोळ्या दक्षिणेस फ्लिंडर्स पर्वतातील पाराचिल्नापर्यंत शेकडो मैल चालत जात, आणि ‘पितुरी’ नावाची चघळण्याची मादक वनस्पती उत्तरेकडून, क्वीन्सलंडच्या हद्दीतील मलिगन नदीच्या बाजूने त्यांच्याकडे येई. वाटेत परक्या लोकांचा मुलूख. त्यांच्याशी सोयरीक, देवघेव, कधी भांडण. अशा प्रवासात ‘कोणी केले’ हे स्पष्ट सांगता येणे सोयीचेच. पण म्हणून प्रत्यय निघाले असे मी म्हणणार नाही. भाषेची कारणे इतकी सरळ नसतात.

१९१५ साली मिशनचे ठाणे बंद झाले. दियारी कुटुंबे मरी या रेल्वेच्या गावी, गुरांच्या वाड्यांवर, पुढे पोर्ट ऑगस्टासारख्या शहरांत पांगली. ऑस्टिन १९७४ साली या भाषेच्या शोधार्थ गेला तेव्हा ती सफाईने बोलणारे थोडेच वृद्ध उरले होते. त्यांच्यापैकी बेन मरे यांच्या अंगात मूळ रहिवाशांचे व अफगाणांचे असे दोन्हीकडचे रक्त होते. मिशनवर वाढलेले, अनेक भाषा बोलणारे हे गृहस्थ शंभराच्या घरात पोहोचून १९९४ साली वारले. या मंडळींचे उपकार किती मोठे आहेत हे गेसनची शब्दांची यादी उघडून पाहिले की समजते. तीत कुत्रा आहे, पाणी आहे, नाती आहेत, अवयव आहेत. तीवरून ‘-णा’ आणि ‘-णानि’ यांचा भेद जन्मात कळणार नाही. एक शब्द विचारला असता तो भेद येतच नाही. दोन माणसे असलेली गोष्ट कोणी तरी अडखळल्यावाचून सांगितली पाहिजे आणि कोणी तरी ती शेवटपर्यंत ऐकली पाहिजे, तेव्हा तो दिसतो. भाषांतरित ग्रंथही येथे पूर्ण भरवशाचा नव्हे, कारण त्यातील वाक्यांची मोडणी परक्या मूळ ग्रंथाने आधीच ठरविलेली असते. आणखी वीस-तीस वर्षे कोणी फिरकले नसते, तर एवढ्या पुस्तकांची, एवढ्या हस्तलिखितांची धनी असलेली ही भाषा शब्दांनी समृद्ध पण वाक्यांना मुकलेली अशी आपल्या हाती आली असती.

पुढे असेही आढळून आले, की समजत होते त्याहून अधिक घरांत दियारी तग धरून होती; ऑस्टिननेच २०१४ साली तशी हकीकत प्रसिद्ध केली. त्याआधी दोन वर्षे, २०१२ साली, ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने दियारी लोकांचा आपल्या मुलखावरील परंपरागत हक्क मान्य केला. मुलांसाठी व मोठ्यांसाठी धड्यांची सामग्री तयार झाली, वर्गही भरले. शिकणाऱ्यांची घरची भाषा बहुतेक इंग्रजी. त्या भाषेत ‘आणि’ म्हटले की पुढे वाटेल तो कर्ता आणता येतो. कुत्रा, पाणी, आजी, आजोबा हे शब्द त्यांना लवकर येणारच. पण ‘तो आला’ असे म्हणून वाक्याच्या मध्यावर पोहोचण्यापूर्वीच पुढचे काम त्याचे की दुसऱ्याचे हे मनाशी ठरवून, त्याप्रमाणे दोहोंपैकी एक प्रत्यय जिभेवर येण्यास आजीशेजारी बसून पुष्कळ गोष्टी ऐकाव्या लागतील.